अक्षरी रुपये पंचेचाळीस

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. माझा लॅपटॉप दिवसातून दोन-तीनदा आपोआप बंद पडायला लागला. निळा पडदा, त्यावर इंग्रजीत काहीतरी क्षमायाचना, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बरं, प्रत्येक वेळी कारण वेगळं! एकदा ड्रायव्हरचं नाव, एकदा फाइल सिस्टिमचं, एकदा नुसतेच आकडे. मॉरिसव्हिलमध्ये राहण्याचा एक फायदा म्हणजे सल्ला देणाऱ्यांची वाण नाही. शेजारच्या चार घरांत मिळून सहा इंजिनियर. एकाने व्हायरस म्हणून सांगितलं, दुसऱ्याने पंख्यात धूळ बसली असेल म्हटलं, तिसऱ्याने "नवा घे रे आता" असा व्यवहारी उपाय सुचवला. चौथ्याने मात्र विचारलं, "दर वेळी कारण वेगळं येतंय ना? मग रॅम बघ."

त्याचं म्हणणं असं, की एकच प्रोग्रॅम बिघडला असेल तर तक्रार एकाच प्रकारची येते. पण मेमरीच बिघडली असेल, तर त्या बिघडलेल्या जागेवर जो कोणी येऊन बसेल तो पडतो. आज ड्रायव्हर, उद्या ब्राउझर. एसटीच्या मोडक्या सीटसारखं.

नवीन लॅपटॉप घेण्याची घाई मला नव्हती, कारण मनात दुसरीच धास्ती होती. वडील गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत आजोबांची २१२ पत्रं सापडली होती. आजोबा सोलापुरात कारकून, वडील मुंबईला शिकायला. पोस्टकार्डं, इनलँड लेटरं, १९५५ ते १९६१ मधली. मी ती इथे आणली, रात्री बसून एकेक स्कॅन केलं, वाचून टाइप केलं आणि मूळ कागद बहिणीकडे, ताईकडे, पुण्याला परत पाठवले. ते सगळं काम ह्याच लॅपटॉपवर झालं होतं. यंत्र बंद पडलेलं दिसतं हो, पण बंद न पडता त्याने मधल्या काळात काय काय केलं असेल?

तर रॅम तपासायची पद्धत अशी. मेमटेस्ट८६ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम मिळतो. तो यूएसबीवर घालून लॅपटॉप त्यावरूनच सुरू करायचा. विंडोज चालू असताना तपासून पूर्ण खात्री होत नाही, कारण विंडोज स्वतःच त्या मेमरीत ठाण मांडून बसलेलं असतं. पाहुण्यांना न उठवता सतरंजी झटकण्यापैकी प्रकार. हा प्रोग्रॅम प्रत्येक घरात आधी एक ठरावीक नक्षी लिहितो, मग वाचून बघतो, मग उलट नक्षी लिहितो, शून्याच्या जागी एक आणि एकाच्या जागी शून्य, आणि पुन्हा वाचतो. असं वेगवेगळ्या तऱ्हांनी तासन् तास. रात्रभर चालू ठेवायचं, कारण काही चुका यंत्र तापल्यावरच निघतात. सकाळी चहा घेऊन बघायला गेलो तर पडदा लाल! प्रत्येक फेरीत तोच पत्ता, आणि तिथला तोच एक बिट. चुकलेल्या बिटच्या रकान्यात ओळीने ००००००००४, ००००००००४. त्या आकड्याचा अर्थ तेव्हा मला कळला नाही.

मग पुढचं काम सोपं होतं. इथल्या हिवाळ्यात गालिच्यावरून चालल्यावर ठिणग्या उडतात, म्हणून आधी एखाद्या धातूला हात लावून अंगातली वीज घालवायची, बॅटरी काढायची आणि दोनपैकी एक पट्टी काढून दुसरीवर तपासणी करायची. मग अदलाबदल. पट्टी बदलल्यावर चूक तिच्याबरोबर गेली तर पट्टी खराब, चूक खाचेतच राहिली तर बोर्ड खराब. माझ्याकडे पट्टी खराब निघाली. (आजकाल पुष्कळ लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे हा खेळ खेळता येत नाही.) नवी पट्टी आली, निळा पडदा गेला. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मला प्रश्न पडला, की एवढं मोठं शास्त्र, आणि यंत्राला स्वतःला आपली आठवण चुकतेय हे कळू नये? शोधायला लागलो, तर एक फार मजेदार इतिहास हाती आला. तो बराचसा आपल्या आजूबाजूचा निघाला, इकडचाही आणि तिकडचाही.

तिकडचा आधी. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पन्नासच्या दशकात आर. नरसिंहन ह्यांच्या नेतृत्वाखाली एक कॉम्प्युटर बांधला गेला. १९६० साली तो कामाला लागला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं बारसं केलं. त्यात सुमारे २७०० व्हॉल्व्ह होते. मेमरी होती फेराइटच्या बारीक कड्यांची, एक कडं म्हणजे एक बिट. तारांच्या जाळ्यात ओवलेली ही कडी एका दिशेला चुंबकित झाली तर एक, उलट दिशेला झाली तर शून्य. ४० बिटचा एक शब्द असे २०४८ शब्द, म्हणजे आजच्या भाषेत फक्त १० किलोबाइट. माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये अशी आठ लाखांहून जास्त टिफ्रॅकं मावतील. पण त्या कड्यांचा एक गुण होता: वीज गेली तरी ती विसरत नसत.

आजची मेमरी विसरते, आणि विसरणं हा तिचा मूळ स्वभावच आहे. १९६६ साली आयबीएमच्या न्यूयॉर्कमधल्या प्रयोगशाळेत रॉबर्ट डेनार्ड ह्यांना सुचलं की एका बिटला एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर पुरे. १९६८ साली पेटंट मिळालं, १९७० साली इंटेलची ११०३ ही चिप बाजारात आली आणि कड्यांचा जमाना संपत गेला. डेनार्ड २०२४ साली वारले. आपल्या प्रत्येकाच्या खिशात त्यांची कल्पना आहे, पण नाव किती जणांना माहीत असतं! आता हा कपॅसिटर म्हणजे गळकी घागर. भरली की लगेच झिरपायला लागते. म्हणून कॉम्प्युटर साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरून ठेवतो. आपण हा लेख वाचत असताना तुमच्या फोनमध्ये हे पाणी भरणं अखंड चालू आहे. एखादी घागर जास्तच गळकी निघाली, की पुन्हा भरायची वेळ येण्याआधीच एकाचा शून्य होतो.

सत्तरच्या दशकात चिप बनवणाऱ्यांना वेगळाच त्रास सुरू झाला. चांगल्या, तपासलेल्या चिपा मधूनच एखादा बिट चुकायच्या, पुन्हा लिहिलं की ठणठणीत! १९७८ साली इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वुड्स ह्यांनी उलगडा केला. चिपच्या सिरॅमिकच्या आवरणात युरेनियम आणि थोरियमचा अत्यल्प अंश होता. त्यातून सुटणारा एखादा अल्फा कण घागरीतलं पाणी सांडून जायचा. चिप शाबूत, आठवण गेली.

आयबीएममध्ये तर ह्यावरून एक हेरकथाच घडली. १९८७ च्या सुमाराला कंपनीच्या लक्षात आलं की अमेरिकेत बनलेल्या काही मेमरी चिपा युरोपातल्या तशाच चिपांपेक्षा फार जास्त चुकतायत. नकाशा तोच, यंत्रं तीच. एकेक पायरी तपासत तपासत माग लागला तो एका आम्लाच्या बाटल्यांपर्यंत. बाटल्या पुरवणाऱ्याकडे त्या धुण्याच्या यंत्रात धूळ चिकटू नये म्हणून पोलोनियम वापरणारं एक उपकरण होतं, आणि ते गळत होतं. म्हणजे बाटली स्वच्छ व्हावी म्हणून केलेल्या उपायातूनच किरणोत्सार चिपवर पोचत होता. आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "अति सोवळं, ओवळ्यातच जातं."

आणि सगळ्यात थोर गुन्हेगार थेट आकाशातून येतो. १९७९ साली आयबीएमच्या जेम्स झिगलर आणि येलच्या विल्यम लॅनफर्ड ह्यांनी दाखवलं, की विश्वकिरणांमुळेही मेमरीतला बिट उलटू शकतो. नंतर आयबीएमने चिपांची पेटारी घेऊन अक्षरशः डोंगरदऱ्या पालथ्या घातल्या. कोलोरॅडोत ३००० मीटरवरच्या लीडव्हिल गावात चुका समुद्रसपाटीपेक्षा कितीतरी पटीने वाढल्या. जाड खडकाखाली जमिनीच्या पोटात ठेवल्या तेव्हा जवळजवळ थांबल्या.

हे वाचताना मला पुन्हा मुंबई आठवली. होमी भाभांचं नाव आपण अणुशक्तीशी जोडतो, पण त्यांची कीर्ती झाली ती विश्वकिरणांवरच्या कामामुळे. वॉल्टर हाइटलर ह्यांच्याबरोबरचा त्यांचा किरणवर्षावांचा सिद्धांत १९३७ चा. त्यांनी काढलेल्या संस्थेने पुढे कोलारच्या सोन्याच्या खाणीत सव्वादोन किलोमीटर खोल उपकरणं नेली, वरचे किरण गाळले जावेत म्हणून, आणि १९६५ साली तिथे वातावरणातले न्यूट्रिनो पकडले. त्या प्रयोगात ओसाका आणि डरम ही विद्यापीठंही होती. (आपलं शेजारचं डरम नव्हे मंडळी, इंग्लंडमधलं!) म्हणजे एकाच संस्थेत देशातला पहिलावहिला कॉम्प्युटर बांधला जात होता आणि त्याच संस्थेत विश्वकिरणही मोजले जात होते. ह्या दोघांचं वैर आहे हे मात्र तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं, आणि टिफ्रॅकच्या जाड कड्यांना त्याची फिकीरही नव्हती.

बेल्जियममधला किस्सा ह्या संदर्भात नेहमी सांगितला जातो. १८ मे २००३ च्या निवडणुकीत ब्रसेल्सजवळ स्कारबेक इथे एका उमेदवाराला शक्य होती त्याहून जास्त मतं पडली. फेरमोजणीत फरक निघाला बरोबर ४०९६ मतांचा. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजेच एकच बिट शून्याचा एक झालेला. विश्वकिरणामुळेच झालं असं कोणी सिद्ध करू शकलं नाही, पण दुसरं कारणही सापडलं नाही. चूक पकडली गेली ती आकडा अशक्य होता म्हणून. तो शक्यतेच्या कोटीतला असता तर?

ह्या 'असता तर'वर उपाय फार पूर्वीच निघाले होते. सर्वांत साधा म्हणजे पॅरिटी. आठ बिटांना एक नववा सोबती द्यायचा आणि नवांत मिळून एकांची संख्या विषमच राहील असं बघायचं. वाचताना सम निघाली की कुठेतरी गडबड आहे. मंडळाच्या पिकनिकला बसमध्ये चढताना आपण पोरांची शिरगणती करतो, तसंच. कोण हरवलं ते कळत नाही, हरवलं एवढं कळतं. (आणि आपला एक राहिला नि दुसऱ्यांचा एक चढला, तर तेही कळत नाही.)

१९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्याच्या मेमरीत प्रत्येक रांगेत आठ नव्हे, नऊ चिपा होत्या. चूक सापडली की यंत्र 'पॅरिटी चेक' एवढे शब्द दाखवून तिथल्या तिथे थांबायचं. लोकांना राग यायचा. पण तो थांबा प्रामाणिक होता: मला माझ्या आठवणीची खात्री नाही, म्हणून मी पुढे लिहीत नाही.

नुसतं थांबण्यापलीकडे जायचा विचार रिचर्ड हॅमिंग ह्यांनी केला, आणि तोही वैतागून. बेल लॅब्जमध्ये त्यांना मोठं गणनयंत्र शनिवार-रविवारीच मिळायचं. चूक आढळली की यंत्र ते काम टाकून पुढचं काम घ्यायचं आणि सोमवारी येऊन बघावं तर हाती काही नाही. लागोपाठ दोन आठवडे असं झाल्यावर त्यांच्या मनात आलं, की यंत्राला चूक झालेली कळते, तर ती कुठे झाली हे का कळू नये? १९५० साली त्यांनी उत्तर प्रसिद्ध केलं. थोडे जास्तीचे बिट अशा खुबीने गुंफायचे की चुकलेल्या बिटचा पत्ताच निघावा. पत्ता मिळाला की दुरुस्ती ती केवढी, शून्याचा एक करायचा. आजच्या सर्व्हरच्या मेमरीत ६४ बिटांमागे असे ८ बिट असतात. त्यालाच ईसीसी म्हणतात.

मग ही सोय माझ्या लॅपटॉपमध्ये का नव्हती? कारण नववी चिप म्हणजे आठव्या हिश्श्याचा जास्त खर्च. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर किमतीची चढाओढ लागली तेव्हा घरगुती कॉम्प्युटरमधून पॅरिटी हळूहळू काढून टाकण्यात आली. मेमरी आता पूर्वीपेक्षा भरवशाची झाली आहे, असं कारण दिलं गेलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. २००९ साली टोरांटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गूगलच्या दोन संशोधकांनी अडीच वर्षांची आकडेवारी प्रसिद्ध केली: गूगलच्या यंत्रांतल्या १०० पैकी ८ हून जास्त पट्ट्यांत वर्षभरात निदान एक तरी चूक होत होती. आणि बिचाऱ्या विश्वकिरणांवर उगीचच आळ घेतला जात होता. बहुतेक चुका त्याच त्या पट्ट्यांत पुन्हा पुन्हा येत होत्या, म्हणजे दोष चिपमध्येच होता. अगदी माझ्यासारखा. तिथे ईसीसी होती म्हणून चुका मोजता तरी आल्या. आपल्या घरी त्या मोजणारं कोणी नाही.

अलीकडच्या डीडीआर५ मेमरीत चिपच्या पोटातच थोडी दुरुस्ती होते. पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर ती लागू पडत नाही. पूर्ण ईसीसी बव्हंशी सर्व्हर आणि महागड्या वर्कस्टेशनपुरतीच राहिली आहे. मला ह्याचं थोडं वाईट वाटतं, आणि ते ह्या गावामुळे. रिसर्च ट्रँगल पार्क १९५९ साली उभं राहिलं, १९६५ साली आयबीएमने तिथे यायचं ठरवलं, २००५ साली पीसीचा धंदा लेनोव्होकडे गेला आणि पुढे त्यांचं अमेरिकेतलं मुख्यालय मॉरिसव्हिलमध्ये आलं. २००० साली पाच हजार वस्तीचं हे गाव २०२० च्या जनगणनेत तीस हजारांच्या घरात गेलं, ते अशाच धंद्यांच्या आधाराने. आपल्यापैकी कितीतरी जणांची घरं, पोरांची कॉलेजं ह्या पीसीवर झाली. नवव्या चिपचा हिशोब कोणी एका कंपनीने केला नाही, सगळ्यांनीच केला. आम्ही गिऱ्हाइकांनीही, थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये सर्वांत स्वस्त खोका उचलून.

आता आजोबांकडे येतो. नवी पट्टी बसवल्यावर मी सगळी स्कॅन उघडून बघितली. नऊ चित्रं अर्धी करडी झाली होती. त्याचं दुःख नाही, ताई पुन्हा स्कॅन करेल. पण टाइप केलेली फाइल व्यवस्थित उघडली, आणि तिचीच मला जास्त भीती होती. मग एके संध्याकाळी वाचता वाचता १९५७ मधल्या एका पत्राशी अडखळलो. "रु. ८५ ची मनीऑर्डर केली आहे, अक्षरी रुपये पंचेचाळीस मात्र."

आजोबांचा पगार तेव्हा ११० रुपये. ८५ ते पाठवूच शकत नव्हते. आणि त्यांची चूक होण्यातली नव्हती. जन्मभर कचेरीत कलमं घासलेला माणूस, घरच्या पत्रातही रक्कम आकड्यात आणि अक्षरी अशी दोनदा लिहायचा. जुन्या हुंड्यांत तर रकमेबरोबर तिची निम्मी रक्कमही लिहीत, 'तिची दुप्पट' असं म्हणून, म्हणजे आकड्यात कोणी फेरफार केली की लगेच उघडं पडावं. मला लहानपणी ही सवय हास्यास्पद वाटायची.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. युनिकोडमध्ये देवनागरी ४ च्या खुणेचे शेवटचे चार बिट १०१०. देवनागरी ८ चे १११०. फरक एकाच बिटचा, आणि त्या जागेची किंमत चार. मेमटेस्टच्या लाल पडद्यावर तोच चार ओळीने उभा होता. योगायोग असेलही; न्यायालयात टिकेल असा पुरावा माझ्याकडे नाही. पण ४ चा ८ व्हायला ह्याहून सोपी वाट नाही.

मी ताईला फोन केला. तिने मूळ कार्ड काढलं: ४५. मग तिला म्हटलं, आता सगळीच ताडून बघायला हवीत. ती मराठीची प्राध्यापक, त्यामुळे तिने मला आधी एकनाथांचा दाखला ऐकवला. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. पुढे नकलांवर नकला होत पाठ इतके बिघडले, की शके १५०६ मध्ये, १५८४ साली, एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून शुद्ध प्रत तयार केली. "तीनशे वर्षांच्या चुका नाथांनी काढल्या, तुझ्या तीन महिन्यांच्या काढायला काय झालं?" असं म्हणून ती कामाला लागली.

दर रविवारी तिची संध्याकाळ आणि माझी सकाळ. ती मूळ पत्र मोठ्याने वाचायची, मी पडद्यावर बोट ठेवून ऐकायचो. अकरा रविवार लागले. आजोबांचा मजकूर इतक्या सावकाश मी टाइप करतानाही वाचला नव्हता. त्या ४५ रुपयांच्या पत्रात खाली लिहिलं होतं, की ह्या महिन्यात आईच्या औषधाचं बघावं लागलं म्हणून पाच कमी आहेत, पुढच्या वेळी भरून काढीन. पुढच्या महिन्याच्या पत्रात रक्कम होती रु. ५५, अक्षरी रुपये पंचावन्न मात्र.

२१२ पत्रांत मेमरीच्या खात्यावर टाकता येतील अशा चुका निघाल्या ३. माझ्या स्वतःच्या, टाइप करतानाच्या, निघाल्या ६४. ताईने त्या सगळ्या वहीत तारीखवार लिहून ठेवल्या आहेत.